परसातील कोंबड्यांसाठी पिठातील अळ्या
(कुक्कुटपालन करणाऱ्या ग्रामीण महिलांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतमालाचा पैसा सहसा घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती जातो. अंड्यांचा पैसा मात्र बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतो. मुलांच्या वह्या, तेलमीठ, अडीअडचणीचे औषधपाणी त्यातून भागते. म्हणूनच परसातील कोंबडीच्या पोटात काय जाते, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

आपण तिला काय घालतो? तांदळाची कणी, ज्वारी-बाजरीचे दाणे, उरलीसुरली भाकरी. हे बहुतांशी पिष्टमय अन्न होय. अंगाचे मांस, पिसे आणि अंडे यांना लागणारी प्रथिने ती उकिरडा उकरून व किडे वेचून स्वतःच मिळविते. पावसाळ्यात हे साधते. उन्हाळ्यात जमीन टणक होते, किडा दिसेनासा होतो आणि खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्ले नुसत्या कणीवर वाढू लागतात. अशी पिल्ले दुबळी राहतात व रोगाला लवकर बळी पडतात. ही उणीव काही अंशी भरून काढणारा एक घरगुती उपाय म्हणजे पिठातील पिवळी अळी पाळणे.

अळी म्हणताच नाक मुरडण्याचे कारण नाही. साठवणीच्या धान्यात व पिठात राहणाऱ्या एका काळ्या भुंगेऱ्याची ही अळी. इंग्रजीत तिला ‘मीलवर्म’ म्हणतात. ती सुमारे इंचभर लांब, पिवळसर तपकिरी आणि तकतकीत असते. तिच्यातील पाण्याचा अंश वगळला, तर उरलेल्या भागात जवळजवळ निम्मी प्रथिने असतात. मोठ्या शहरांत पाळीव पक्षी व शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांतून ती मिळू शकते. एकदा आणलेले बी पुढे घरच्या घरी वाढविता येते.

त्यासाठी गुळगुळीत काठाचे दोन-तीन पसरट टब पुरेत. अशा काठावरून अळीला चढता येत नाही, आणि भुंगेरा पंख असूनही सहसा उडत नाही. तळाशी दोन-तीन बोटे जाडीचा गव्हाचा कोंडा पसरावा. तो आधी कढईत कोरडा गरम करून थंड होऊ द्यावा, म्हणजे त्यातील सोंडे व इतर कीड मरते. धान्याला विषारी गोळ्या लावल्या असतील, तर त्याचा कोंडा मुळीच वापरू नये. अळ्यांना पाण्याची वाटी लागत नाही. गाजराचे किंवा बटाट्याचे काप, दुधीची साल एवढ्यावर त्यांची तहान भागते. काप थोडेच घालावे व सुकले की काढावे. ओल राहिली की कोंड्याला बुरशी येते, आणि या उद्योगातील निम्मे नुकसान बुरशीनेच होते, असे माझे मत आहे. टबावर मलमलचे फडके बांधावे आणि टब ज्या घडवंचीवर ठेवाल तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. मुंग्यांची पावडर येथे चालणार नाही. ती अळ्यांनाही मारील.

पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस तापमान अळीला मानवते. अंडी एक-दोन आठवड्यांत फुटतात, अळी दोन-तीन महिने वाढते, मग कोष होतो आणि आणखी एक-दोन आठवड्यांत त्यातून भुंगेरा बाहेर पडतो. कोष वेचून वेगळे ठेवावेत, कारण भूक लागली की अळ्या व भुंगेरे कोषही कुरतडतात. भुंगेरे स्वतःचीच अंडी खातात, म्हणून दर पंधरवड्याला चाळणीने चाळून त्यांना नव्या कोंड्यात हलवावे. जुन्या कोंड्यात अंडी राहतात. चाळताना नाकाला पदर लावावा. ही धूळ काहींना बाधते, आणि दम्याच्या माणसाने तर हे काम करूच नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा पस्तिशीपलीकडे गेला की अळ्यांची मरतूक वाढते. तेव्हा टब माठाशेजारी, घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात हलवावेत. धान्याच्या कणगीजवळ मात्र ते कधीही ठेवू नयेत.

आता हिशेब पाहू. दहा कोंबड्या आणि प्रत्येकी दिवसाला दहा अळ्या धरल्या, तर महिन्याला तीन हजार अळ्या होतात. त्यांचे वजन साधारण साडेतीनशे ग्रॅम भरते आणि त्यांना पाऊण किलोच्या आसपास कोंडा लागतो. एक मादी आपल्या आयुष्यात काही शे अंडी घालते. तेव्हा मरतूक गृहीत धरून शे-दीडशे भुंगेरे राखले की पुरे. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. यातून खाद्याचा खर्च वाचत नाही. कोणी तसे सांगू लागला, तर त्याला हा हिशेब दाखवावा.

अळी हा कोंबडीचा खाऊ आहे, खुराक नव्हे. हा फरक अंड्याच्या कवचावर येऊन ठेपतो. एका अंड्याच्या कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. अळीत ते नाममात्र असते. उलट स्फुरद त्याच्या दसपटीहून अधिक असते. चरबीही भरपूर असते. लाडाने ओंजळ-ओंजळ अळ्या घातल्या, तर कोंबडी दाण्याकडे पाठ फिरविते, अंगाने चढते आणि पातळ कवचाची अंडी देऊ लागते. अंड्यावरच्या कोंबड्यांसमोर शिंपल्यांचा चुरा सदैव असावा आणि अळ्या दिवसाकाठी मोजूनच द्याव्यात. खरी गरज आहे ती दोन-तीन आठवड्यांपुढील पिल्लांना आणि पिसे झडणाऱ्या कोंबडीला. पिल्लांना नुकतीच कात टाकलेली पांढरी, मऊ अळी द्यावी किंवा मोठीचे तुकडे करावेत. मानमोडीची लस अर्थातच वेळेवर टोचावी वा पाजावी. अळीने ते काम होत नाही.

गादीवरच्या कोंबड्यांखाली भुशात सापडणारे लहान काळे भुंगेरे व त्यांच्या अळ्या मात्र याच समजून टबात आणू नयेत. ती वेगळी जात असून विष्ठेतून रोगजंतू वाहून नेते. खुराड्यातील उरलेल्या अळ्याही टबात परत टाकू नयेत. युरोपीय संघाने २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यात कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली, पण ते कीटक विष्ठेवर किंवा खरकट्यावर वाढविण्यास तेथेही मनाई आहे.

पावसाळा लागला की परसात किड्यांची रेलचेल होते. त्या महिन्यांत अळ्या देणे थांबवावे, तीस-चाळीस भुंगेरे व मूठभर अळ्या बी म्हणून राखाव्यात आणि टबातला चाळलेला बारीक चुरा मिरची-वांग्याच्या रोपांना घालावा.