परका चालक

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं माझ्या संगणकानें मला चांगलेंच तोंडघशीं पाडलें. माझी वडील बहीण नागपुरास असते. दर रविवारीं सायंकाळीं सहा वाजतां पडद्यावर आमची भेट होते. तिला ऐकूं फार कमी येतें. ओठांच्या हालचालींवरून ती बोलणें ओळखते, म्हणून नुसता टेलिफोन आम्हांस निरुपयोगी. त्या दिवशीं सकाळीं मीं यंत्रांतील लिनक्सची नवी आवृत्ति भरून घेतली, आणि सायंकाळीं पाहतों तों बिनतारी कार्ड मुकें! यंत्राचें उत्तर एवढेंच : ‘इन्व्हॅलिड मोड्यूल फॉर्मॅट’.

मी जुना मॅट्रिक. उभा जन्म अंकगणित शिकविण्यांत गेला. तरी हें कोडें उलगडल्याशिवाय मला चैन पडेना.

हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ज्याचा आरंभ केला, त्या लिनक्सच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. निरनिराळ्या उपकरणांशीं व्यवहार करण्यास त्याला ड्रायव्हर, म्हणजे चालक, लागतात. बहुतेक चालक कर्नेलच्या मूळ मजकुरांतच असतात. कांहीं मात्र कारखानदार बाहेरून देतात, आणि तेहि मूळ मजकूर गुप्त ठेवून, केवळ यंत्राला कळणाऱ्या अंकांत उतरवून. माझ्या कार्डाचा चालक याच जातीचा.

घरांतला मिसळणाचा डबा डोळ्यांपुढें आणा. अंधारांत हात घातला तरी तिसरी वाटी हळदीची, हें गृहिणीला ठाऊक असतें. अंकांत उतरलेला चालकहि असाच अंधारांत काम करतो. अमुक माहिती आरंभापासून चोविसाव्या बाइटवर आहे, एवढेंच तो जाणतो; तिचें नांव त्याला माहीत नसतें. नव्या आवृत्तींत कोणी मध्येंच एक वाटी वाढविली, कीं हळदीच्या जागीं तिखट हातीं लागतें! कर्नेलच्या आंत असा घोटाळा झाला, तर सारें यंत्रच कोलमडूं शकतें. म्हणून कर्नेल आधीं मोड्यूलवरील आवृत्तीची खूण पडताळतो, आणि तशी सोय ठेवलेली असल्यास, तें आपल्या ज्या ज्या फलनांवर विसंबून आहे त्या प्रत्येकाचा ताळाहि करून पाहतो. जुळलें नाहीं, तर दारांतूनच परत. माझ्या यंत्रानें मला फसविलें नव्हतें, वांचविलें होतें.

मूळ मजकूर हाताशीं असता, तर तो नव्या कर्नेलसाठीं पुन्हां उतरवितां आला असता. डेल कंपनीनें २००३ सालीं काढलेली डीकेएमएस ही युक्ति हेंच काम आपोआप करते. पण नुसत्या अंकांपुढें तीहि हतबल.

कर्नेलकर्ते सामान्य कार्यक्रमांशीं असलेला करार कसोशीनें पाळतात. आंतल्या मांडणीबद्दल मात्र कोणास वचन देत नाहींत. यूएसबीची आंतली रचना त्यांनीं निदान तीन वेळां बदलली. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं ही भूमिका लिहूनच ठेवली आहे : चालकाचा मजकूर कर्नेलमध्यें आणा, म्हणजे मांडणी बदलणाराच तो दुरुस्त करील. मला हें पटतें. रेड हॅटसारखी संस्था एकेका आवृत्तीपुरतीं निवडक फलनें स्थिर ठेवते. अँड्रॉइडच्या सामाईक कर्नेलांतहि एकेका शाखेपुरती तशी हद्द आंखलेली असते. पण हीं सारीं वचनें मुदतीचीं, आणि खोक्यावर ती मुदत कोणी छापीत नाहीं, हा माझा खरा राग.

शेजारच्या एका विद्यार्थ्याच्या सल्ल्यानें यंत्र सुरू होतांनाच मागील कर्नेल निवडला, आणि पावणेसातला बहिणीची गांठ पडली. ती रागावली होतीच. पण जुन्या कर्नेलवर कायम राहणें म्हणजे सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांना मुकणें. तेव्हां आठवड्याभरांत नवें कार्ड घ्यावयास गेलों. याचा चालक कर्नेलमध्येंच आहे काय, एवढा एकच प्रश्न दुकानदारास विचारला. त्याला सांगतां येईना. शेवटीं मींच यादी पाहून त्याला सांगितलें.