खुराक कीं पगार?

हॉकी म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान, वांकडी काठी आणि ध्यानचंदांचें नांव उभें राहतें. आज मी ज्या हॉकीविषयीं बोलणार आहें ती निराळी आहे. ती बर्फावर खेळतात. पायांत पोलादी पात्याचे बूट असतात, चेंडूच्या जागीं रबराची चपटी चकती असते, आणि एका वेळीं प्रत्येक बाजूला सहाच गडी उतरतात. आपल्याकडे क्रिकेटला जो मान आहे तोच कॅनडा देशांत या खेळाला आहे. परंतु माझा विषय खेळाचें कौशल्य हा नाहीं. कोणीं खेळावें आणि कोणीं खेळूं नये, हें ठरविणारा एक नियम अलीकडे बदलला. त्यामुळें पंधरा-सोळा वर्षांच्या शेंकडों मुलांच्या आयुष्याची वाट बदलली. ती कशी, आणि त्यांत आपण विचार करण्याजोगें काय आहे, एवढेंच सांगण्याचा माझा हेतु आहे.

प्रथम या मुलांपुढें पूर्वीं कोणत्या वाटा होत्या तें पाहूं. पहिली वाट 'कॅनेडियन हॉकी लीग'ची. तिच्या पोटांत तीन साखळ्या येतात: एक पश्चिमेकडील प्रांतांची, दुसरी ऑन्टॅरिओची, आणि तिसरी क्वेबेक व सागरी प्रांतांची. २०२४-२५ च्या हंगामांत या तिन्ही मिळून ६० संघ होते. त्यांतील कांहीं संघ सीमेपलीकडे अमेरिकेंतही आहेत. सोळा ते वीस वर्षांचे कुमार येथें खेळतात. मुलगा घर सोडून परगांवीं जातो, एखाद्या यजमान कुटुंबांत राहतो, दिवसा शाळेंत बसतो, रात्रीं सामना खेळतो, आणि हंगामांत साठाहून अधिक सामने व हजारों मैलांचा बसचा प्रवास पुरा करतो. धंदेवाईक खेळाडूच्या जीवनाची ही रंगीत तालीमच होय. सिडनी क्रॉस्बी आणि कॉनर मॅकडेव्हिड हे आपल्या काळांतले अग्रगण्य खेळाडू याच वाटेनें 'नॅशनल हॉकी लीग'मध्यें गेले.

दुसरी वाट अमेरिकन विद्यापीठांची. तेथें सामने थोडे, बहुधा शुक्रवारीं व शनिवारीं. उरलेला आठवडा अभ्यास, व्यायाम आणि सराव यांना मोकळा. ज्याचें शरीर सावकाश भरतें, ज्याचा खेळ उशिरां पिकतो, त्याला ही वाट मानवते. मॉन्ट्रिअलचा विख्यात गोलरक्षक केन ड्रायडन हा कॉर्नेल विद्यापीठाचा पदवीधर. त्यानें आपल्या संघाबरोबर सहा वेळां स्टॅनले चषक जिंकला, आणि मध्येंच एक हंगाम खेळ बाजूला ठेवून वकिलीची उमेदवारीही केली. अलीकडचा केल मकार हा बचावपटु मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतून आला. विद्यापीठाच्या वाटेनें जाणारा मुलगाही शिखर गांठूं शकतो, हें या दोघांनीं दाखविलें आहे.

या दोन वाटांमध्यें एक भिंत होती. अमेरिकन विद्यापीठांच्या खेळांवर १९०६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडामंडळाची सत्ता चालते. ज्या मुलानें कॅनेडियन हॉकी लीगच्या संघांतून सामना खेळला, तो या मंडळाच्या दृष्टीनें धंदेवाईक ठरे. पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठीय हॉकीचें दार त्याला व्यवहारतः बंद होई. कारणें दोन सांगत. एक, त्या संघांतून कांहीं खेळाडू असे असत कीं, ज्यांनीं मोठ्या लीगशीं आधींच करार केलेला असे. दुसरें, त्या संघांकडून मुलांना हातखर्चासाठीं थोडी रक्कम मिळे.

आतां येथें क्षणभर थांबून विचारलें पाहिजे कीं, धंदेवाईक म्हणजे कोण? आपल्या तालमींतून एक शब्द फार जुना आहे, तो म्हणजे खुराक. दूध, तूप, बदाम यांचा खर्च एखाद्या संस्थानिकानें किंवा गांवच्या सावकारानें उचलावा आणि पैलवानानें मेहनत करावी, ही आपली रीत. जत्रेच्या फडांत जिंकलेलें इनाम त्यानें उजळ माथ्यानें घरीं न्यावें. खुराक घेतला म्हणून त्याच्या मल्लविद्येला बट्टा लागला, असें कोणी म्हटलें नाहीं. इंग्रजांची दृष्टि वेगळी होती. ज्याच्या घरीं खावयास आहे तो हौशी, आणि म्हणून प्रतिष्ठित. ज्याला खेळून पोट भरावें लागतें तो मजूर. इंग्लंडांतील क्रिकेटमध्यें 'सद्गृहस्थ' आणि 'खेळाडू' अशी उघड वर्गवारी होती, ती १९६२ सालीं मोडली. बर्फावरील हॉकींत याच वादापायीं कॅनडानें १९७० ते १९७६ पर्यंत जागतिक स्पर्धेंत संघच पाठविला नाहीं. कारण रशियाचे सैनिक-खेळाडू वर्षभर खेळत असूनही हौशी गणले जात आणि कॅनडाचे उत्तम खेळाडू मात्र धंदेवाईक म्हणून बाहेर राहत. नॅशनल हॉकी लीगचे खेळाडू ऑलिंपिकमध्यें प्रथम उतरले ते १९९८ सालीं, जपानांतील नागानो येथें. मोठ्यांच्या खेळांतून हौशीपणाचें हें सोवळें सुटलें, तरी मुलांच्या खेळांत तें पुढेंही पंचवीसहून अधिक वर्षें पाळलें जात होतें.

याचा जाच कोणाला? जो मुलगा पंधराव्या वर्षींच सर्वांच्या पुढें असे, त्याला फारसा नव्हे. त्याची वाट ठरलेली असे. जाच होई तो मधल्या मुलाला. त्याचा खेळ चांगला आहे, पण मोठ्या लीगपर्यंत जाईल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. अशा मुलाच्या आईबापांनीं सोळाव्या वर्षींच निर्णय करावा, आणि तो कायमचा असावा, अशी ही व्यवस्था होती. शाळेंतील विषय निवडतांना चुकलें तर पुढच्या वर्षीं बदलतां येतें. येथें तीही सोय नव्हती. एका तरुणानें सोळाव्या वर्षीं ऑन्टॅरिओच्या एका संघाकडून केवळ दोन प्रदर्शनीय सामने खेळले, आणि तेवढ्यावरून पुढें त्याला विद्यापीठाच्या संघांत जागा नाकारण्यांत आली. कॅनेडियन साखळ्यांनीं आपल्यापरी भरपाईची सोय केली होती. पश्चिमेकडील साखळींत एक हंगाम खेळल्यास एका वर्षाच्या उच्च शिक्षणाची फी व पुस्तकें मिळत. पण त्या मुलांना अमेरिकन विद्यापीठाकडून खेळण्याचा मार्ग मात्र त्यामुळें खुला होत नसे.

ही भिंत पडली ती दयेपोटीं नव्हे. तिच्या पायाखालची मातीच आधीं वाहून गेली होती. १ जुलै २०२१ पासून अमेरिकन विद्यापीठांतील खेळाडूंना आपल्या नांवाचा व छायाचित्राचा उपयोग करूं देऊन पैसे मिळविण्याची मोकळीक मिळाली. ज्या विद्यार्थ्याच्या जाहिराती झळकतात तो हौशी, आणि ज्या कॅनेडियन मुलानें महिन्याचा हातखर्च घेतला तो धंदेवाईक, हा न्याय कोणाला पटणार? ऑगस्ट २०२४ मध्यें वर सांगितलेल्या तरुणानें न्यायालयांत दाद मागितली. त्याच वर्षीं ७ नोव्हेंबर रोजीं मंडळाच्या पहिल्या श्रेणीच्या परिषदेनें नियम बदलला. खेळाबद्दल प्रत्यक्ष व आवश्यक खर्चाहून अधिक रक्कम घेतली नसेल, तर १ ऑगस्ट २०२५ पासून कॅनेडियन साखळ्यांतील खेळाडूही पात्र ठरला. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर खुराक वेगळा आणि पगार वेगळा, हें मंडळानें अखेर मान्य केलें.

परिणाम दिसावयास वेळ लागला नाहीं. मेडिसिन हॅटच्या संघाकडून २०२४-२५ मध्यें ५६ सामन्यांत १२९ गुण मिळविणारा सतरा वर्षांचा गॅव्हिन मॅकेना यानें जुलै २०२५ मध्यें पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाची निवड जाहीर केली. एक वर्षापूर्वीं हें अशक्य होतें. आतां मुलगा सोळा-सतराव्या वर्षीं भरपूर सामने खेळून घेईल, आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीं विद्यापीठांत जाऊन शरीर व बुद्धि दोन्ही कमावील. दोन वाटांचा असा मिलाफ झाला, ही गोष्ट निःसंशय चांगली.

परंतु श्रोतेहो, दार उघडलें म्हणून घर मोठें होत नाहीं. पहिल्या श्रेणीची पुरुषांची हॉकी खेळणारीं विद्यापीठें साठांहून थोडीं अधिक आहेत. खेळाडूंना थेट मोबदला देण्याची जी व्यवस्था जून २०२५ मध्यें न्यायालयानें मान्य केली, तींत सामील झालेल्या विद्यापीठाला हॉकीच्या संघांत २६ हून अधिक खेळाडू ठेवतां येत नाहींत. जागा तेवढ्याच आणि उमेदवार वाढले, म्हणजे कोणाला तरी उठावें लागणार. तो कोण? पूर्वीं विद्यापीठाची आशा धरून ब्रिटिश कोलंबियाच्या किंवा अमेरिकेच्या कुमार साखळींत धीरानें दोन-तीन वर्षें काढणारा, उशिरां बहरणारा मुलगा. ज्याच्यासाठीं ही वाट मुळांत सोयीची होती, तोच आतां रांगेच्या शेवटीं ढकलला जातो. जुन्या नियमावर विसंबून ज्यांनीं कॅनेडियन साखळीला नकार दिला होता, त्यांची तर अधिकच कुचंबणा झाली. त्यांनीं नियम पाळला, आणि नियमच बदलला.

आणखी एक गोष्ट आहे, ती बातम्यांत क्वचितच येते. विद्यापीठांत खेळण्यासाठीं केवळ खेळ पुरत नाहीं. माध्यमिक शाळेंत ठराविक सोळा विषय पुरे करावे लागतात, आणि त्यांपैकीं दहा शेवटचें वर्ष सुरू होण्यापूर्वीं. जो मुलगा सोळाव्या वर्षीं परगांवीं जातो, आठवड्याचे तीन दिवस बसमध्यें काढतो, आणि 'गणित पुढें पाहूं' असें म्हणतो, त्याच्यासाठीं उघडलेलें दार पुन्हां बंद होतें. पूर्वीं तें नियमानें बंद होई, आतां तें गुणपत्रिकेनें होईल. शिवाय परदेशी विद्यार्थी म्हणून अमेरिकेंत गेलेल्या कॅनेडियन मुलावर तेथें कमाई करण्यास परवान्याचे निर्बंध असतात. शेजारच्या बांकावरील अमेरिकन मित्राला जें सहज मिळतें तें त्याला तितकें सुलभ नसतें. टोरांटोच्या परिसरांत आपलीं अनेक मराठी कुटुंबें राहतात. त्यांचीं मुलें शाळासोबत्यांबरोबर बर्फावर उतरतात, तेव्हां त्यांच्या आईबापांनीं बुटांच्या पात्यांइतकीच काळजी या सोळा विषयांची घ्यावी.

मग पात्रतेचा चांगला नियम कोणता म्हणावा? माझ्या मतें त्याच्या तीन कसोट्या आहेत. पहिली ही कीं, अजाण वयांतील एखाद्या निर्णयानें त्यानें मुलाला जन्मभर बांधूं नये. दोन सामन्यांची किंमत चार वर्षांचें शिक्षण असूं नये. दुसरी, नियम बदलावयाचा झाल्यास जे त्यावर विसंबून मध्यावर पोहोंचले आहेत, त्यांना पुरेसा अवधि मिळावा. नोव्हेंबरांत ठराव आणि पुढच्या ऑगस्टांत अंमल, हा काळ मंडळाला पुरेसा वाटला असेल. अठरा वर्षांच्या मुलाला तो फार थोडा आहे. तिसरी कसोटी, नियमानें सर्वांत पुढच्या मुलाबरोबर सर्वांत मागच्याचाही विचार करावा. मॅकेनासारख्या मुलाला कोणत्याही व्यवस्थेंत चार दारें उघडीं असतात. नियमाची परीक्षा त्याच्यावरून करूं नये. ज्याचें नांव वर्तमानपत्रांत कधींच छापून येणार नाहीं, त्या तिसऱ्या ओळींतल्या मुलाचें काय झालें, यावरून ती करावी.

या तीन कसोट्यांपैकीं पहिलींत नवा नियम चांगला उतरला आहे, दुसरींत तो कमी पडला, आणि तिसरीचा निकाल अजून लागावयाचा आहे. विद्यापीठांनीं आपल्या संघांत उशिरां पिकणाऱ्यांसाठीं थोड्या जागा राखल्या, आणि कुमार साखळ्यांनीं बसच्या वेळापत्रकाइतकेंच शाळेचें वेळापत्रक पवित्र मानलें, तर हा बदल खऱ्या अर्थानें मुलांच्या कल्याणाचा ठरेल. तालमींतला जाणता वस्ताद खुराक देतांना पोराच्या आजच्या कुस्तीकडे पाहत नाहीं, दहा वर्षांनंतरच्या देहाकडे पाहतो. नियम करणाऱ्यांनींही हीच नजर ठेवावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.