डोंगरउतारावरचे गवत आणि मातीतील कर्ब



मोखाडा तालुक्यातील पोशेरा परिसरात मृगाच्या सरी कोसळल्या की थोड्याच दिवसांत उघडे माळ हिरवे होतात. फाल्गुन-चैत्रात तेच माळ करपलेले, कित्येक ठिकाणी वणव्याने काळे पडलेले दिसतात. जव्हार-मोखाड्याच्या पठारावर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरीही उन्हाळ्यात पाड्यांवर पाण्यासाठी पायपीट असते. पाणी उतारावरून वाहून जाते. ते मुरवून धरणारी माती पातळ होत चालली आहे. या प्रश्नाचा गुरांच्या चराईशी निकटचा संबंध आहे.

माती ही कर्बाची मोठी कोठी होय. जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरात जितका सेंद्रिय कर्ब आहे, तितका वातावरण आणि वनस्पती यांत मिळूनही नाही. गवत हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पाने व मुळे वाढवते. जुनी मुळे कुजतात आणि त्यांतील काही अंश मातीच्या कणांशी बांधला जाऊन दीर्घकाळ टिकतो. अशी माती भुसभुशीत राहते आणि पाणी धरते. मात्र पात फुटताच जनावराने ती पुन्हा पुन्हा खुडली, तर गवताची शक्ती नवी पाने काढण्यातच खर्ची पडते व मुळे आखूड राहतात. मग मारवेल, पवना, शेडा ही चांगली गवते मागे हटतात आणि कुसळी व काटेरी झुडपे माजतात.

हिशेब अवघड नाही. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन साधारण दोन हजार टन भरते. त्यातील सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढला, तर दोन टन कर्ब, म्हणजेच सुमारे ७.३ टन कार्बन डायऑक्साइड, जमिनीत साठला. अर्थात ही वाढ वर्षानुवर्षांची असते आणि काही काळाने थांबते. रवंथ करणारी जनावरे मिथेन वायू सोडतात, हेही विसरता येत नाही. केवळ गुरे चारून हवामानाचा प्रश्न सुटेल, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पोशेऱ्यासारख्या गावाला माती, पाणी व चारा हा लाभ अधिक जवळचा आहे.

या भागाचे जनावर म्हणजे डांगी. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे मुसळधार पावसातही ते तग धरते. त्याचे खूर टणक असतात. भातशेतीच्या चिखलात राबणारा हा बैल दुधाच्या आकड्यांवर तोलणे अन्यायाचे ठरेल. गुरे कमी करा, एवढाच उपदेश येथे उपयोगाचा नाही.

गवताचे मोल या मुलखाला नवे नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातील गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणूच्या वारली शेतमजुरांनी पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागितली आणि त्यासाठी संप केला. गवताला बाजारात भाव होता, कापणाऱ्याच्या घामाला नव्हता!

राबाची प्रथाही अशीच जुनी. भात-नागलीच्या रोपवाटिकेसाठी फांद्या, पाला, गवत व शेण पसरून जाळले जाते. राख मिळते, तण मरते, परंतु जो कर्ब मातीत जायचा तो धुरावाटे निघून जातो. शेतकऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला हमखास रोपे हवी असतात. शेणखताचा पुरेसा पुरवठा झाल्याशिवाय राब सुटणार नाही, आणि शेण गोळा होण्यासाठी गुरे काही काळ तरी गोठ्यात बांधली पाहिजेत.

येथेच खरी अडचण आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी गाव सोडतात. मागे वृद्ध राहतात आणि गुरे मोकाट सुटतात. वणवा लागला तर विझविण्यास हात नसतात. म्हणून गवत राखण्याचे काम रोजगार हमीच्या कामांशी जोडणे, जाळरेषा काढण्यास दिवाळीपूर्वीच मजुरी मिळणे, या गोष्टी चराईच्या नियमांइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

माळाचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीने चराई करावी. पावसाळ्याच्या आरंभी, माती ओली व पात कोवळी असताना, निदान एक भाग पूर्ण बंद ठेवावा. गवत चार बोटांपेक्षा खाली खाऊ देऊ नये. फुलोऱ्यातील गवत सर्वांत पौष्टिक, पण तेव्हा पाऊस चालू असल्याने ते वाळत नाही. म्हणून तेव्हा थोडे ओलेच कापून गोठ्यात घालावे आणि उरलेले बी झडल्यावर कापावे. मोकळ्या जागी स्टायलोसारखे द्विदल चारापीक पेरल्यास चारा सुधारतो व नत्रही मिळते.

हिवरे बाजार येथे चराईबंदीने माळ सावरले, परंतु ते कमी पावसाचे गाव. तेथील नियम येथे जसाच्या तसा आणता येणार नाही. नियम करण्याचा अधिकार मात्र गावाकडे आहे. मोखाडा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क मान्य केला असून, सामूहिक वनसंपत्तीच्या वापराचे नियमन ग्रामसभेकडे सोपविले आहे. कोणता उतार कधी बंद व्हावा आणि कधी खुला, हे ग्रामसभेत ठरवावे. त्या सभेस स्त्रियांची व गुराख्यांची उपस्थिती असावी. राखलेल्या आणि मोकाट अशा दोन्ही माळांतील मातीचे नमुने पहिल्याच वर्षी तपासून घेतले, तर तीन वर्षांनी शाळेतील मुलांनाही दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडता येतील.