वेबसाइटचं रिडेव्हलपमेंट: परत घर कुणाला मिळालं?

वसई-विरारमध्ये ‘रिडेव्हलपमेंट’ म्हटलं की काय दिसतं? चार मजली जुनी बिल्डिंग, गॅलरीचं पडलेलं प्लास्टर, गच्चीवर सोसायटीची मीटिंग आणि मीटिंगमध्ये तेच तीन प्रश्न. किती चौरस फूट मिळणार? तोपर्यंत भाडं कोण देणार? आणि परत यायला सगळ्यांना घर मिळणार ना? आज बोलायचंय ते एका वेबसाइटच्या रिडेव्हलपमेंटबद्दल. माझं लक्ष मात्र त्या तिसऱ्या प्रश्नावर आहे.

वेबसाइट आहे एमडीएन. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट शिकताना काही अडलं आणि गूगल केलं, की पहिल्या दोन-चार लिंकमध्ये ती असतेच. ती कुणा एका कंपनीच्या पगारी लोकांनी लिहिलेली नाही. मोझिलाने २००५ साली नेटस्केपच्या जुन्या माहितीच्या पायावर ती सुरू केली, आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी हौसेने, फुकट, थोडी थोडी भर घातली.

या साइटने बरेचदा घर बदललंय. आधी मीडियाविकी, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो तेच सॉफ्टवेअर. २००८ मध्ये डेकीविकी. २०१२ मध्ये मोझिलाच्याच लोकांनी बांधलेलं कुमा. (जपानीत कुमा म्हणजे अस्वल.) पण ही तिन्ही घरं विकीचीच होती. लॉगिन करा, ‘एडिट’ दाबा, चूक दुरुस्त करा, सेव्ह. बदल लगेच लाइव्ह.

यातच अडचण होती. बदल आधी छापला जायचा आणि तपासणी नंतर. त्यामुळे स्पॅम यायचा, चुकीची माहितीही यायची. शिवाय सगळी पानं एका डेटाबेसमध्ये. हजारो पानांवर एकच सुधारणा करायची, तर सोपा रस्ता नाही. आणि एवढा डोलारा सांभाळायला इंजिनिअर मोजकेच. त्यात ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० लोकांना कमी केलं. एमडीएनसाठी लिहिणाऱ्या टीमलाही त्याचा मोठा फटका बसला.

डिसेंबर २०२० मध्ये नवी इमारत उभी राहिली. तिचं नाव यारी. आपली दोस्तीवाली यारी नव्हे, हेही जपानीच नाव. आता प्रत्येक पान म्हणजे गिटहबवरची एक फाइल. बदल सुचवायचा तर पुल रिक्वेस्ट पाठवायची, कुणीतरी जाणकार वाचणार, मगच तो साइटवर येणार. पानं आधीच तयार करून ठेवलेली असतात, त्यामुळे साइट पटकन उघडते. विरार लोकलमध्ये नायगाव-भाईंदरच्या मध्ये, खाडीच्या पुलावर नेटवर्क लंगडत असताना कुणी वाचत असेल, तर त्याला हा फरक कळतो.

माझ्या मते निर्णय बरोबर होता. नवशिका माणूस एमडीएनवर डोळे झाकून विश्वास ठेवतो, म्हणून तपासणी आधीच हवी. पण उंबरठा उंच झाला, हेही खरं. आधी स्पेलिंगची चूक दोन मिनिटांत सुधारता यायची. आता गिटहबचं खातं, फोर्क, ब्रँच... ब्राउझरमधूनही हे सगळं जमतं, मान्य. पण ज्याने कधी केलेलं नाही, तो हे शब्द ऐकूनच मागे फिरतो.

जुन्या पत्त्यांचं काय? ती काळजी घेतली गेली. १ ऑगस्ट २०१४ ला आपला जिल्हा ठाण्याचा पालघर झाला, तरी विरार पश्चिमेचा पिन ४०१३०३ च राहिला आणि पत्रं येत राहिली. तसंच इथेही. जुन्या लिंकवर गेलात तरी साइट तुम्हाला नव्या पानावर आणून सोडते. वेबसाइट नव्याने बांधताना हे काम सगळ्यात कंटाळवाणं असतं आणि त्यामुळेच बहुतेकांकडून राहून जातं.

आता तिसरा प्रश्न. परत घर कुणाला मिळालं नाही?

छोट्या भाषांना. यारी आली तेव्हा सुरुवातीला फक्त इंग्रजी पानं बदलता येत होती, बाकी सगळ्या भाषा गोठवल्या. मग ज्या भाषांना नियमित सांभाळणारी टीम मिळाली, त्या टप्प्याटप्प्याने परत उघडल्या: फ्रेंच, जपानी, कोरियन, चिनी, रशियन, स्पॅनिश, ब्राझीलची पोर्तुगीज. उरलेल्या साइटवरून काढल्या. त्यात हिंदी होती, बंगाली होती. आज हिंदी पानाची जुनी लिंक उघडली तर इंग्रजी पान समोर येतं. मराठीचं नाव काढलेल्यांतही नाही, कारण तिला तिथे खोली मिळालेलीच नव्हती.

हा अन्याय म्हणायचा का? अर्धवट म्हणेन. कुणी न सांभाळलेलं जुनं भाषांतर वाचून मुलं जुनी पद्धत शिकतात, आणि ते भाषांतर नसण्यापेक्षा वाईट. पण सोसायटीला ५१ टक्के सभासदांची संमती लागते, तसा कायदा वेबसाइटला नाही. आणि ‘थोडे दिवस भाड्याने जा’ म्हणून बाहेर पाठवलेला रहिवासी परत येईलच असं नसतं. फुकट काम करणाऱ्याला महिनोन्‌महिने थांबवलं, की तो दुसरीकडे रमतो. माझं म्हणणं असं, की भाषांचा प्लॅन सॉफ्टवेअरच्या प्लॅनबरोबर, पहिल्या दिवशी कागदावर यायला हवा होता. प्रत्येक भाषेसाठी जबाबदार माणूस कोण, आणि भाषांतर इंग्रजी पानाच्या कुठल्या तारखेच्या आवृत्तीवरून केलंय, एवढं तरी. तुमच्या कॉलेज प्रोजेक्टची माहिती चार जण मिळून लिहीत असाल, तर हे आत्ताच ठरवून टाका.

आणि मराठीचं? मोझिलाच्या परवानगीसाठी थांबायची गरज नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. एमडीएनचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे. मूळ स्रोताचं श्रेय द्यायचं, बदल केलाय ते सांगायचं आणि आपलं भाषांतरही त्याच परवान्याखाली खुलं ठेवायचं. एवढं केलं, की कुणीही भाषांतर करून स्वतःकडे छापू शकतं. सुरुवात त्यांच्या शब्दसूचीपासून करा. ती पानं छोटी असतात, वसई ते अंधेरीच्या प्रवासात एक तरी कच्चं होईल. दोघं-तिघं हवेत, एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं. ‘कॅश’ लिहायचं की ‘कॅशे’, यावरून पहिलं भांडण होईल. होऊ द्या, पण जे ठरेल ते एका फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या आठवड्यात तेच भांडण पुन्हा नको.

चला, भेटू पुढच्या भागात.