विचारून ठेवा, लिहून ठेवा
(परभणी जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर, कर्जावर, विजेवर बोलणारे आज पुष्कळ आहेत आणि ते बोलतीलच. मला मिळालेली दहा मिनिटे मी एका गणिताच्या मास्तरांसाठी मागून घेतली आहेत. त्यांचे नाव श्रीपाद अच्युत दाभोळकर. जन्म १९२४ चा. २००१ साली ते गेले. अंधश्रद्धेविरुद्ध लढताना २०१३ साली पुण्यात ज्यांचा खून झाला, त्या डॉ. नरेंद्र दाभोळकरांचे हे थोरले भाऊ.

तुम्ही म्हणाल, कोल्हापूरचा माणूस, तिकडे पंचगंगा, तिकडे ऊस. आमच्या जिंतूर-पालमच्या कोरडवाहू रानात त्याचे काय काम? मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते. मी दाभोळकर सरांना कधी पाहिले नाही. त्यांच्याकडून शिकलेल्या माणसांनी ज्यांना शिकवले, त्यातल्या एकाकडून त्यांची रीत माझ्यापर्यंत आली. तरी मी त्यांना माझे गुरुजी म्हणतो. का, ते सांगतो.

दाभोळकर सर गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवीत. शेतीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. साठच्या दशकात त्यांनी ‘प्रयोग परिवार’ सुरू केला. त्याची रीत साधी होती. शेतकऱ्याने आपल्या रानात काही करून पाहायचे, जे दिसले ते वहीत लिहायचे आणि दुसऱ्याला सांगायचे. दुसऱ्याने ते आपल्या रानात ताडून पाहायचे. साधले तरी लिहायचे, फसले तरी लिहायचे. सर प्रश्न विचारीत आणि उत्तर शोधायला माणसाला परत त्याच्याच रानात पाठवीत.

सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडचे द्राक्षवाले या रीतीने एकमेकांकडून शिकले. आजही तिकडचा बागायतदार घड ठेवताना पाने मोजतो, कारण एका घडाला किती पाने पोसतात हे त्याने स्वतः पाहिलेले असते. ‘तास-ए-गणेश’ हा द्राक्षाचा वाण त्याच तासगाव भागात वसंतराव आरवे या शेतकऱ्याने आपल्या बागेतून निवडला. ‘सोनाका’ हा वाण सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडला. नान्नज काही पाणथळ मुलूख नाही, आपल्यासारखाच कोरडा आहे. हजार वेलींत एक वेगळी फांदी दिसणे आणि ती जपणे, हे शेतकऱ्याच्या नजरेचे काम होते.

आता ती नजर आपल्याकडे राहिली आहे का? पान लाल पडले की आपण पान हातात घेऊन दुकानावर जातो. दुकानदार बाटली देतो. काय दिले, का दिले, गुण आला की नाही, याची नोंद आपल्या घरात कुठेच नसते. दुकानदाराकडे मात्र असते, उधारीच्या वहीत.

दाभोळकर सरांचा दुसरा धडा पानाचा. ते गणिती होते म्हणून हिशोबाने बोलत. ऊन फुकट आहे. त्या उन्हाचे अन्न करणारा कारखाना म्हणजे पान. जितके ऊन हिरव्या पानावर पडेल तितकी कमाई, आणि उघड्या जमिनीवर पडेल तितके नुकसान. पिकून गळालेले पान, काडी, मूळ हे सगळे त्या कारखान्याने साठवलेले भांडवल. ते जमिनीत परत गेले तर मातीचा कस वाढतो.

आपण काय करतो? पऱ्हाटी उपटतो आणि धुऱ्यावर रचतो, नाहीतर पेटवून देतो. धसकटे वेचून जाळतो. रचलेल्या पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांत, कवड्यांत, गुलाबी बोंडअळी दडून बसते. २०१७ साली तिने आपली काय दशा केली ते कोणी विसरलेले नाही. तेव्हा पऱ्हाटी महिनोन् महिने रचून ठेवू नका. हंगाम संपला की लगेच बारीक कुट्टी करा, शेणकाल्यात भिजवा, खड्ड्यात नीट कुजवा.

तिसरा धडा १० गुंठ्यांचा. पाच माणसांच्या घराला १० गुंठे, म्हणजे पाव एकर, नीट जोपासले तर सुखाने जगता येईल, असा त्यांचा हिशोब होता. देवास जिल्ह्यात नर्मदेकाठी बजवाडा येथे दीपक सचदे यांनी हेच काम पुढे नेले. मुंबईत डॉ. दोशी यांनी सरांची रीत घरांच्या गच्चीवर नेली. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी भाजीच्या देठांचे आणि सालींचे खत करून बाग उभी केली. सिमेंटच्या स्लॅबवर! आणि आपण, ज्यांच्या पायाखाली पुरुषभर खोल काळी माती आहे, आठवडी बाजारातून वांगी आणतो.

मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. १० गुंठ्यांना रोजचे पाणी लागते, आणि ते कोरडवाहूवाल्याजवळ नसते. म्हणून मी म्हणतो, एका गुंठ्यापासून धरा. पाच माणसांच्या घरात न्हाणीचे आणि भांड्यांचे मिळून रोज शंभर लिटर पाणी सहज निघते. आज ते गल्लीत चिखल करते. ते खडीच्या खड्ड्यातून काढून आळ्यात सोडा. ५०० चौरस फूट पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण साडेचार हजार लिटर पाणी होते. ते धरायला एक टाके लागते. शेवगा, पपई, लिंबू, कढीपत्ता, कुडावर दोडका आणि वाल, खाली अंबाडी आणि चुका. यातून कर्ज फिटणार नाही. कापसाला भाव मिळाल्याशिवाय ते फिटतही नाही, त्याची लढाई वेगळी आहे. पण बाजाराच्या दिवशी घरातल्या बाईला पैशासाठी हात पसरावा लागणार नाही, आणि लेकरांच्या ताटात रोज हिरवे पडेल.

आता शेवटचे. हे मला बोलायला जड जाते.

माझ्या मायच्या परसात दोडक्याचा एक वेल होता. उन्हाळ्यात सगळे वेल करपायचे, तो टिकायचा. ती त्याचे बी राख लावून मडक्यात, उतरंडीत ठेवायची. कोणत्या फळाचे बी धरायचे, कोणत्या नक्षत्रात टोबायचे, हे तिला ठाऊक होते. मी शिकलेला मुलगा, हायब्रीडचे पाकीट आणणारा. मी तिला कधी विचारले नाही. ती गेल्यावर उतरंड उतरवली, तेव्हा मडक्यात बी सापडले, पण त्याला भुंग्यांनी पोखरले होते. दोन वर्षे टोबून पाहिले. एक कोंब वर आला नाही.

त्यानंतर कोणीतरी मला दाभोळकर सरांच्या प्रयोग परिवाराची हकीकत सांगितली. तेव्हा मला कळले की माझ्या घरात मास्तरीण होती आणि मी वही केली नाही. सर २००१ साली गेले, पण त्यांचे शिकवणे राहिले, कारण शेकडो शेतकऱ्यांनी ते करून पाहिले, लिहिले, पुढे सांगितले. माझी माय गेली आणि तिचे शिकवणे तिच्याबरोबर गेले. यात दोष तिचा नाही, माझा आहे.

आपल्या जिल्ह्यात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथे जरूर जा, विचारा. पण तुमच्या परसातल्या म्हातारीला काय माहीत आहे, ते कोणत्याही विद्यापीठाच्या कपाटात लिहिलेले नाही. ते तिच्यापाशीच आहे, आणि ती ऐंशी वर्षांची आहे.

तेव्हा माझी एकच मागणी आहे. आज घरी गेल्यावर एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर आपल्या गावातल्या सर्वांत जुन्या माळणीचे किंवा माळकऱ्याचे, आजीचे किंवा आबाचे नाव लिहा. त्यांच्याजवळ बसा. बी कसे धरता, कीड पडली तर काय करता, दुष्काळात काय टिकले, एवढे विचारा. बी मिळाले तर ओंजळभर मागा आणि यंदाच टोबा. पुढच्या मेळाव्याला येताना ती वही सोबत आणा. आपण मांडव्याखाली बसून एकमेकांच्या वह्या वाचू. सरांचे नाव घ्यायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.