वॉचला पाच मिनिटं आधी



‘शिडाच्या बोटीवरचं जीवन आणि करिअर’ असा विषय मला दिलाय. करिअरचं शेवटी बघू. आधी आपल्या शाळेचं हे पटांगण डोळे भरून बघू द्या. त्या सायकल स्टँडच्या जागी लिंब होता. त्याच्याखाली आम्ही खारे वारे आणि मतलई वारे घोकले. आम्हा वसमतच्या पोरांना पाणी माहीत होतं ते सिद्धेश्वरच्या कालव्याचं, समुद्र फक्त नकाशात. भूगोलाचे सर समोरच बसलेत. सर, तुम्ही फळ्यावर काढलेले ते बाण, दिवसा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून, मला पुढं नौदलात थेट कोकण किनाऱ्यावर भेटले!

हिवाळ्यात मुंबईहून गोव्याला शिडावर निघालं की त्या बाणांच्याच भरवशावर जावं लागतं. अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास, वेग सायकलपेक्षाही कमी, म्हणजे दोन-तीन दिवस गेलेच. दुपारी वायव्येचा वारा शिडात भरतो. संध्याकाळी तो पडतो आणि शीड नुसतं फडफडत बसतं. रात्री उशिरा मतलई सुटते, पण ती हवी तर किनारा धरून जायचं, आणि किनारा धरला की मच्छीमारांची जाळी. अंधारात त्यांचा बारका दिवा नजरेतून सुटला की जाळं सुकाणूत गुंतलंच. म्हणून बोटीवर कुणीतरी कायम जागं लागतं. चार तास वॉच, म्हणजे पहारा, चार तास झोप, असं रात्रंदिवस. झोपायच्या फळीला कडेनं कापड बांधतात, नाहीतर बोट कलली की माणूस खाली. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, गोडं पाणी पिण्यापुरतं. पहिल्या दिवशी बऱ्याच जणांना बोट लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दीपगृहांची उघडझाप मोजून जागा कशी ओळखतात, हेही सांगणार होतो, पण मॅडम घड्याळ बघताहेत.

तेव्हा एकच सांगतो. वॉचला पाच मिनिटं आधी या. पहाटे दोनला तुमची वेळ आहे. दोनला डोळे उघडले, तर जॅकेट चढवून वर येईपर्यंत दोन-दहा होतात. सुकाणूवरचा माणूस चार तास वाऱ्यात बसलाय. ती दहा मिनिटं तुम्ही त्याच्या झोपेतून चोरली.

‘तारिणी’ या शिडाच्या बोटीवर दिलना आणि रूपा या नौदलाच्या दोघीच अधिकारी होत्या. २ ऑक्टोबर २०२४ला गोव्याहून निघाल्या, पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ला परत गोव्यात. एकीनं पाठ टेकली की बोट दुसरीच्या हातात. आणि २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे! त्यांना सोडवायला तर कुणीच नव्हतं. तुम्हाला माणसं आहेत, पोरांनो, म्हणून तुम्ही उशीर करता.

आपल्याकडंही हळदीच्या पिकाला रात्रीची पाणीपाळी आली की बाप बॅटरी घेऊन बांधावर जातो. बारावीतला लेक म्हणतो, ‘दोनला येतो, दादा.’ येतो का? गोधडीत मोबाइलचा उजेड दिसतो! हसू नका, पुढच्या रांगेतही काही जण हसताहेत. सचिव साहेब, पत्रिकेत पाचची वेळ आहे, आपण दीप लावला पावणेसातला. नाचाच्या पोरी मेकअप करून दोन तास थंडीत बसल्यात. त्यांचा वॉच कोण घेणार? शिपाईमामा मात्र चारलाच खुर्च्या मांडून मोकळे. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा.

हां, करिअर. नौदलात यायचं असेल त्यांनी कार्यक्रमानंतर स्टेजच्या डाव्या बाजूला भेटा. वयाचा दाखला नीट करून ठेवा, गणित सोडू नका. पोहता येत नाही म्हणून घाबरू नका, ते ओडिशातल्या चिल्काला, नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवतात. मी तिथंच शिकलो. कालव्यात उड्या मारणं वेगळं, पोहणं वेगळं.