खंडिकेचा मध्य : दारू, औषधे आणि रक्ताभिसरण यांमुळे होणारी यकृताची हानी
(वैद्यकीय व्यावसायिकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण, मिरजगाव)

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल शिरेने येते, उरलेले धमनीने. मिनिटाला साधारण दीड लिटर, म्हणजे हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ चौथा हिस्सा, या एका अवयवातून जातो. यकृताच्या सूक्ष्म खंडिकेत हे रक्त कडेने शिरते आणि पेशींच्या रांगांमधून झिरपत मध्यावरच्या शिरेत उतरते. वाटेतल्या पेशी प्राणवायू घेत जातात, त्यामुळे मध्यालगतच्या पेशींच्या वाट्याला तो सर्वांत कमी येतो. ॲरन रॅपापोर्ट यांनी १९५४ साली या रचनेचे तीन पट्टे मांडले. मध्यालगतचा पट्टा हा त्यांतला तिसरा. दारू आणि अनेक औषधांचे रूपांतर करणारी एन्झाइम नेमकी याच पट्ट्यात अधिक असतात. पाठ्यपुस्तकांत दारू, औषधे आणि रक्ताभिसरण यांचे धडे वेगवेगळे असतात, पण इजा पुष्कळदा इथेच सुरू होते. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या दवाखान्यात तर ही तिन्ही कारणे एकाच रुग्णात सापडू शकतात.

दारूपासून यकृतात प्रथम ॲसिटाल्डिहाइड तयार होते. ते पेशीतल्या प्रथिनांना चिकटते, चरबीचे ज्वलन मंदावते आणि चरबी साठू लागते. याच कामात प्राणवायूचा खप वाढतो आणि तिसऱ्या पट्ट्याची आधीचीच टंचाई आणखी तीव्र होते. प्रमाणाचा हिशेब रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही. १८० मिलिलिटरच्या ‘क्वार्टर’मध्ये ४२.८ टक्के तीव्रतेची दारू असेल, तर त्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. रोज ३० ग्रॅमच्या पुढे धोका वाढू लागतो. स्त्रियांमध्ये त्याहूनही आधी. म्हणजे ‘रोज फक्त एक क्वार्टर’ म्हणणारा माणूस त्या रेषेच्या दुप्पट अंतरावर उभा असतो.

अतिमद्यपींपैकी बहुतेकांच्या यकृतात चरबी साठते, आणि दारू सोडल्यास ती काही आठवड्यांत ओसरते. सिरॉसिस मात्र साधारण दहा ते वीस टक्क्यांनाच होतो. गावातला म्हातारा जन्मभर पिऊन ठणठणीत कसा, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की तो उरलेल्या ऐंशी-नव्वद टक्क्यांतला आहे. मद्यजन्य हेपटायटिसमध्ये एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून अधिक असते, पण क्वचितच ३०० च्या वर जाते. आकडा हजारात असेल, तर दारूखेरीज दुसरे कारण शोधावे लागते.

विषारी दारूचे प्रकरण निराळे आहे. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. आपल्या नगर जिल्ह्यातले पांगरमलही कोणी विसरलेले नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत तिथे बनावट दारूने माणसे दगावली. मिथेनॉलच्या विषबाधेत यकृत स्वतः बहुधा वाचते. त्याने तयार केलेले फॉर्मिक आम्ल डोळे आणि जीव घेते. हे आम्ल तयार होण्यास लागणारे यकृतातले एन्झाइम अडवण्यासाठी उतारा म्हणून साधे इथेनॉल देता येते, हा वैद्यकशास्त्रातला एक चमत्कारिक न्याय.

पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग निरुपद्रवी रूपात बाहेर जातो; थोड्या अंशाचे विषारी द्रव्य बनते आणि ग्लुटाथायोन ते निष्प्रभ करते. निरोगी प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅम पॅरासिटामॉलपर्यंत ग्लुटाथायोनचा साठा पुरतो. रोजची दारू ते विष बनवणारे एन्झाइम वाढवते आणि उपासमार ग्लुटाथायोन घटवते. त्यामुळे ऊसतोडीवरून तापाने परतलेला, दोन दिवस न जेवलेला आणि पिणारा मजूर कमी मात्रेतही धोक्यात येऊ शकतो. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन. पहिल्या आठ तासांत दिल्यास तो सर्वांत गुणकारी ठरतो.

भारतात औषधजन्य यकृतविकारांत क्षयाची औषधे अग्रस्थानी आहेत. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला बाधू शकतात. एथॅम्ब्युटॉल सहसा नाही. मळमळ किंवा कावीळ असताना एएलटी सामान्य मर्यादेच्या तिपटीवर, अथवा लक्षणे नसताना पाचपटीवर गेले, तर औषधे थांबवून नंतर एकेक पुन्हा सुरू करतात. अडचण अशी, की भूक गेली हे लक्षण क्षयाचेही आहे आणि औषधाचेही. रुग्ण मग गोळ्या चालू ठेवतो आणि वर ‘लिव्हर साफ’ करणारा काढा घेतो, किंवा काविळीची माळ घालतो. माळेने यकृताला इजा होत नाही, फक्त दिवस वाया जातात. झाडपाल्याबद्दल तेवढे म्हणता येत नाही. करोनाकाळात, २०२० च्या अखेरीस, मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृतदाह झाल्याची नोंद पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीवर आक्षेप घेतला; बाजारातल्या चूर्णात नेमके काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही, हा मुद्दा मात्र त्यातून अधिकच उघड झाला.

रक्ताभिसरणाचा बिघाड दोन प्रकारे मारतो. रक्त पोहोचले नाही, म्हणजे मोठा रक्तस्राव, जंतुसंसर्गाचा शॉक किंवा उष्माघात झाला, तर तिसरा पट्टा तासांत मरतो. एएसटी-एएलटी एक-दोन दिवसांत हजारांवर चढतात आणि रक्तदाब सावरल्यास तितक्याच झपाट्याने उतरतात. रक्त बाहेर पडले नाही, तर ते साचते. उजवे हृदय थकल्यावर, झडपांच्या संधिवाती आजारात किंवा क्षयाने हृदयावरण आवळल्यावर मध्यशिरेभोवती रक्त तुंबते आणि कापलेले यकृत जायफळाच्या फोडीसारखे दिसते. असा माणूस पोटात पाणी घेऊन येतो आणि गावभर ‘पिऊन लिव्हर घालवलं’ अशी बदनामी होते. मानेच्या फुगलेल्या शिरा एवढ्यासाठीच पाहायच्या. हृदयविकाराच्या जलोदरातल्या पाण्यात प्रथिने डेसिलिटरमागे अडीच ग्रॅमहून अधिक असतात, सिरॉसिसमध्ये सहसा कमी.

यकृतशिरा किंवा अधोमहाशीर गुठळीने वा पडद्याने बंद झाली, तर तो बड-कियारी विकार. यात जलोदर, मोठे दुखरे यकृत, कधी पाठीवर व पोटावर ठळक शिरा दिसतात. तरुण, न पिणाऱ्या स्त्रीत तो संशय आधी घ्यावा. डॉप्लर सोनोग्राफीत निदान बहुधा होते आणि शीर फुग्याने उघडताही येते. सूक्ष्म शिरा बंद होण्याचा प्रकार तत्कालीन मध्य प्रदेशातील सरगुजा भागात १९७० च्या दशकात साथीसारखा पसरला. कुटकीच्या धान्यात खुळखुळ्याच्या कुळातील बिया मिसळल्या होत्या. त्यातले अल्कलॉइड यकृतात विषारी बनते आणि तिथल्याच बारीक शिरांची अस्तरे सोलते.